खबर पोचेपर्यंत

२२ ऑक्टोबर १९४८

आज घरात फातेहा झाली, गेलेल्या माणसाच्या नावानं करतात ती. अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहाटेच उठून स्वतःच्या हातानं खिचडा घोटला. सोबत शिकमपुरी कबाब आणि खोबऱ्याची खीर. सगळं यांच्या आवडीचं. कुणाच्या नावाची फातेहा म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या आजेसासऱ्यांची." आजेसासऱ्यांची फातेहा हल्ली भर उन्हाळ्यात येते, मी लग्न होऊन आल्यापासून तिला आमरस असतो. एवढी तयारी मी आजवर मौतीच्या चाळीसाव्या दिवसालाच पाहिली. पण सासूशी तिथीवारांवरून हुज्जत घालून कुणाचं भलं झालंय? मी मुकाट्यानं कांदे चिरत बसले.

ही वही मराठीत लिहिते, कारण जुन्या बाजारातल्या या घरात मराठी अक्षर कुणालाच वाचता येत नाही. माझे वडील देवगाव रंगारीच्या शाळेत मास्तर होते. मोहरमातल्या शोकसभेत, मजलिसला, उभं राहून करबलाचं बयानही करायचे. त्यांनी मला उर्दू शिकवली, दीनाचे मसले, म्हणजे धर्माचे नियम, शिकवले आणि बाराखडीही. हे मला चिडवायचे, "कनीज, तुझी अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे." त्यांना तरी कुठं वाचता येत होती. म्हणून तर वही उशीखाली बिनधास्त राहते. अम्मा दखनीत बोलतात. मी ते इथं बहुतेक मराठीत उतरवते.

हे वैजापूरच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून. हद्दीवरचा नाका, त्यामुळे सप्टेंबरात फौज शिरली ती त्याच बाजूनं. त्या आठवड्यापासून यांची खबर नाही. नंतर काही दिवसांनी नाक्यावरचा शिपाई पुंजाराम एक गाठोडं घेऊन आला. अम्मांनी मला आत पाठवून दाराआडूनच त्याच्याशी बोलणं केलं. मग सांगितलं, साहेब दफ्तर घेऊन हैदराबादेकडे गेलेत, टपाल बंद आहे, येतील. गाठोड्यात मोहरमच्या अलमसाठी कापड आहे म्हणाल्या आणि मागच्या, अलमच्याच खोलीतल्या पेटीत ठेवून किल्ली कमरेला लावली.

टपाल तर कधीच सुरू झालं. मी रोज ऐकते, डाकवाला कुणाकुणाची नावं घेत गल्लीतून जातो. मला कुणाची दौलत नको, बातम्या नकोत. मी सवाष्ण आहे की नाही, एवढंच कुणी सांगावं. हे वाक्य लिहायला नको होतं. उद्या खोडून टाकीन.

३१ ऑक्टोबर

खोडलं नाही.

अम्मांचा जाच वाढलाय. सुरमा घालू नकोस, अत्तर लावू नकोस, दारात उभी राहू नकोस, गुलाबी ओढणी ठेवून दे. बकरी ईदला नवा जोडासुद्धा घालू दिला नाही. विचारलं की एकच पालुपद, "दिन अच्छे नैं, बेटी." दिवस वाईट आहेत हे मलाही दिसतं. पण सुरमा घातल्यानं ते आणखी वाईट होतात, हे नवीनच.

२ नोव्हेंबर

मोहरमचा चाँद दिसला.

अम्मांचे गुडघे असे, की जिना चढायचा म्हटलं तर निम्म्यावर बसून दुरूद पढतात. आज मात्र दिवस मावळायच्या आधीच गच्चीवर जाऊन उभ्या. चाँद दिसला तसा त्यांनी असा निःश्वास सोडला, जणू डोक्यावरचा भारा उतरला. शोकाचा महिना लागतोय आणि यांना हलकं वाटतंय, हे मला काही उमगलं नाही.

आम्हा शियांत आजपासून दोन महिने आठ दिवस करबलात शहीद झालेल्या इमाम हुसेनचा शोक. बांगड्या उतरवायच्या, काळं नेसायचं, खाट उभी करून ठेवायची. दर वर्षी जी ती आपापल्या बांगड्या फोडते आणि काचा केरात जातात. आज अम्मांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी लोबानदाणीच्या दांड्यानं टिचवली. एक काच मनगटात रुतली ती तोंड लावून काढली. मग सगळ्या काचा वेचून ओढणीच्या पदरात गाठ मारून घेतल्या. मी म्हटलं, "अम्मा, काय करणार त्यांचं?" तर उठून गेल्या.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. आता गल्लीतल्या सगळ्या बायकांची मनगटं रिकामी. कोण सवाष्ण, कोण विधवा, कुणाला ओळखू येणार नाही. दोन महिने तरी मला कुणी त्या नजरेनं बघणार नाही.

९ नोव्हेंबर

आज मोहरमची सातवी. हजरत कासिमची मेंदी. इमामांचा हा पुतण्या करबलाच्या मैदानात नवरदेव झाला आणि दुसऱ्या दिवशी शहीद झाला. त्याच्या नावानं मेंदीचं ताट मेणबत्त्या लावून अलमपुढे आणतात. अलम म्हणजे इमामांच्या फौजेची निशाणं, देवगावला ज्यांना पंजे म्हणायचे तीच. बायका त्या मेंदीतली चिमूट घेतात. लग्न न झालेल्या मुली नवऱ्यासाठी, आणि लग्न झालेल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी.

मी हात पुढे केला. अम्मांनी ताट उचललं आणि सरळ पुढच्या बाईकडे दिलं.

माझं डोकं फिरलं. भर मजलिसमध्ये बोलून गेले, "मला का नाही? मी काय विधवा झालेय?"

शेजारची अमिना, जी एरवी उत्तर दिल्याशिवाय पाणी पीत नाही, ती ओढणीत तोंड घालून बसली. अम्मा ताटाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, माझ्या उद्धटपणानं सगळ्या शरमल्या. संध्याकाळी मी पाया पडून माफी मागितली. त्यांनी मला जवळ घेतलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. अलमच्या खोलीत, पेटीजवळ, मला यांचा वास येतो. खसाचं अत्तर आणि जर्दा. लोबान जळत असतो, गुलाबजल शिंपडलेलं असतं, तरी त्यातून नेमका तो येतो. मी आज दोनदा वळून बघितलं.

१३ नोव्हेंबर

काल आशुरा, मोहरमची दहावी, होऊन गेला. चूल नाही, पाणी नाही, दिवसभर छाती पिटून मातम. लिहायची ताकद नव्हती.

अम्मांचं माहेर हर्सूलचं, सुन्नी. सासरी आल्या तेव्हा त्यांना मातमसुद्धा माहीत नव्हता, असं त्याच सांगतात. आता साऱ्या मोहल्ल्यात त्यांच्याइतकं कुणी रडत नाही. पण या वर्षी त्यांचं रडणं वेगळं होतं. अमिनानं अली अकबरचं बयान सुरू केलं. इमामांचा तरुण मुलगा, ज्याला बापानं स्वतः मैदानात पाठवलं. अम्मा छाती पिटत नव्हत्या, जमिनीवर हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "लाल मेरा, धूप में पडा है, किसी ने मुँह भी नैं धुलाया."

बयानात तोंड धुण्याचं काहीच नव्हतं. पण ज्याला जसं दिसतं तसं तो रडतो. अशी भक्ती आपल्याला कधी साधणार, असं वाटून मला माझीच लाज वाटली. मी तर अर्धा वेळ दाराकडे कान लावून बसले होते.

१४ नोव्हेंबर

आज सोयम, शहिदांचा तिसरा दिवस. बायकांच्या मजलिसला बयान करायची पाळी माझी होती. वडिलांकडून ऐकलं होतं तसं मी बनी असदचं सांगितलं. करबलाच्या शेजारच्या गावचे साधे शेतकरी. फौज निघून गेल्यावर त्यांच्या बायका पाण्याला आल्या, उघड्यावर पडलेले शहीद त्यांनी पाहिले आणि घरी जाऊन पुरुषांना म्हणाल्या, तुम्ही भीत असाल तर आम्ही माती देतो. मग गावकरी निघाले. ज्यांच्याशी ना नातं ना गोतं, त्यांना त्यांनी दफन केलं.

एवढं बोलून मी श्वास घ्यायला थांबले तर ओसरीतून कुणी तरी हुंदका दिला. बघते तर पुंजाराम. डोक्याला मुंडासं, हातात अलमला वाहायला आणलेला नारळ. मोहरमात आमच्या दारी हिंदू माणसं येतातच, नवस फेडतात, त्यात नवल नाही. नवल पुढचं. अम्मा भर मजलिसमधून उठल्या आणि ओसरीवर गेल्या. माझ्या सासूबाई, ज्या परक्या पुरुषासमोर बोटाचं नखही दिसू देत नाहीत, त्यांनी पुंजारामचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले.

तो बिचारा अवघडून म्हणाला, "माय, असं नगा करू. आम्ही लई काही केलं नाय."

मग त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं वाढलं. मला राग आला. नवऱ्याची खबर सांगायची तर या माणसाची वाचा बसते आणि इथं त्याचे एवढे लाड. पण बयान अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं.

५ डिसेंबर

आज दुपारची जोहरची नमाज झाली आणि गल्ली सामसूम झाली होती, तेव्हा यांच्या बुटांचा आवाज आला. यांच्या बुटांना नाल मारलेले आहेत, फरशीवर वेगळेच वाजतात. कोपऱ्यावरून आले, नळापाशी थांबले, तिथं हे नेहमी थुंकायला थांबतात, आणि मग दाराकडे आले.

मी ओढणीसुद्धा न घेता धावले. माझ्या आधी अम्मा दाराशी होत्या. कडीवर हात ठेवून उभ्या. गुडघे दुखणारी बाई, माजघरातून एवढ्या लवकर कशी पोचली?

मी विचारलं, "तुम्हालाही ऐकू आलं?"

"बिल्ली होगी," म्हणाल्या. पण कडी काढली नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. पलीकडेही कुणी तरी उभं असल्यासारखं वाटत होतं. शेवटी मीच दार उघडलं. गल्लीत ऊन होतं आणि अमिनाची कोंबडी.

मांजर नाल मारून हिंडत नाही. मला वेड लागतंय म्हणावं, तर अम्मांनाही लागलंय का? हे जिवंत असतील तर त्यांचे बूट असे मोकळे का फिरतात? हे वाक्य लिहिलं आणि वही बंद करून बसले. आता पुन्हा उघडली आहे. वाक्य तिथंच आहे.

२२ डिसेंबर

आज चेहलम, शहिदांचा चाळीसावा. पुंजाराम आला. या वेळी मी अम्मांना चुकवून त्याला ओसरीच्या कोपऱ्यात गाठलं आणि विचारलं, "खरं सांग. साहेब कुठं आहेत?"

त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं. "बाईसाहेब, मला इचारू नगा. माय सांगतील."

"त्या सांगत नाहीत."

"मग येवढं ध्येनात ठिवा," तो म्हणाला, "साहेबाला आम्ही एकलं टाकलं नाय. शेवटपस्तोर सोबत व्हतो. लिंबाची सावली हाय तिथं. आमच्या घरची रोज पाणी घालती."

मी दिवसभर या बोलण्याचा अर्थ लावतेय. हैदराबादच्या वाटेवर कुठं तरी लिंबाखाली यांना सोडून तो परतला असणार. शेवटपर्यंत म्हणजे त्याची हद्द जिथं संपते तिथपर्यंत. आणि पाणी झाडाला घालत असणार. खेड्यातली माणसं अशीच तोडून तोडून बोलतात, मी त्यांच्यातच वाढले.

मी सुशिक्षित बाई आहे. पण मला हा दुसरा अर्थ लावायला सबंध दिवस लागला, आणि पहिला मात्र आपोआप आला होता.

८ जानेवारी १९४९

शोकाचा शेवटचा दिवस. आजच्या दिवशी करबलातून उरलेला काफिला मदिन्याला परतला, आणि आजचं बयान फातिमा सुगराचं. इमामांची आजारी लेक, जिला प्रवास झेपणार नाही म्हणून मागं घरीच ठेवलं. करबलात तिचे बाप, भाऊ, काका सगळे गेले आणि ती मदिन्यात उंबऱ्याशी बसून होती. तिला कुणी सांगितलं नाही. शहिदांची सगळे आठवण काढतात, मला लहानपणापासून सुगराच जवळची. वडील म्हणायचे, तलवार झेलणं सोपं असेल, खबर झेलणं नाही.

मी सांगत होते. काफिला आला. सुगरा एकेका उंटापाशी जाते, पडदा वर करते. इथं माझे अब्बा नाहीत. इथं अकबर नाही. आत्याचे, फुफी जैनबचे, केस पांढरे झालेत, तिनं त्यांना ओळखलंच नाही. ती विचारते, "तुम्ही कोण? माझे अब्बा कुठं?"

आणि मी तिथंच अडले. मला पुढचं पाठ आहे, शंभर वेळा सांगितलंय. जैनबनं काय उत्तर दिलं ते मला ठाऊक आहे. पण माझ्यासमोर अम्मा बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्या आज रडत नव्हत्या. डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होत्या, जसं काही मी पुढचं वाक्य बोलले तर छत कोसळेल. शेवटी अमिनानं बयान पुरं केलं.

उद्या ईद-ए-जहरा. काळं उतरायचं, सुरमा घालायचा, बांगड्या भरायच्या. मला उद्याची भीती वाटते.

९ जानेवारी

जसं घडलं तसं लिहिते.

शमशाद मनियारीण सकाळीच आली. अंगणात चटई टाकली, बांगड्यांची पेटी उघडली. अमिना, तिच्या दोघी लेकी, गल्लीतल्या आणखी बायका, सगळ्यांनी हात भरले. हिरव्या, लाल, सोनेरी टिकल्यांच्या. हसणं, थट्टा, एकमेकींना शीरखुर्मा भरवणं. सव्वादोन महिने उदासलेल्या घरात आज पहिल्यांदा आवाज होता.

मी शमशादसमोर बसले आणि हात पुढे केला. तिनं माझा पंजा धरला, चार बोटं जुळवली आणि तिथंच थांबून अम्मांकडे बघितलं.

अम्मा म्हणाल्या, "इसकू अब्बी नक्को. थोडे दिन ठैर जाने दे."

"का?" मी विचारलं. "इमामांचा शोक तर काल संपला."

आजवर त्यांच्याकडे काही ना काही असायचं. दिवस वाईट आहेत, चाँद दिसलाय, आशुरा आहे, चेहलम आहे. आज सगळ्या अंगणात एकही निमित्त उरलं नव्हतं. शमशाद माझा हात सोडत नव्हती आणि धरतही नव्हती.

मी म्हटलं, "अम्मा, मग मी कुणाचा शोक पाळतेय?"

त्या उठून अलमच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. दार लोटलं आणि त्या पेटीला टेकून जमिनीवर बसल्या.

फौज आली त्याच दिवशी. नाक्यावरच. गोळी कुणाची हे कुणालाच माहीत नाही. पुंजारामनं आणि शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी मिळून लिंबाखाली खड्डा खणला. नमाजला कुणी नव्हतं. यांची शेरवानी, बूट आणि घड्याळ त्यानं गाठोड्यात बांधून आणलं. ते सगळं त्या पेटीत आहे. अम्मा हे सगळं एका सुरात बोलल्या, पाठ केल्यासारखं.

मी खाली बसले. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "गल्लीत सगळ्यांना माहीत होतं?"

"हौ. मैं कसम घालके रक्खी थी."

"शमशादला?"

"हौ."

म्हणजे माझं वैधव्य सबंध जुन्या बाजाराला ठाऊक होतं, फक्त माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मला असा संताप आला की समोर म्हातारी बाई बसली आहे हेही मी विसरले. विचारलं, "का? कोण लागून गेलात तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "मी विधवा झाले तेव्हा मुलगा पाळण्यात होता. याच खोलीत मला इद्दतीला बसवलं. चार महिने दहा दिवस. मी ती भिंत बघितली, दुसरं काही नाही. आजही डोळे मिटले की तिचे पोपडे दिसतात. मला वाटलं, तुला ती भिंत नको. सुरमा नको, अत्तर नको, बाहेर जाणं नको, बांगड्या नकोत, सगळं तुझ्याकडून पाळून घेतलं. चाँद दिसेपर्यंत बांगड्यांचा घोर होता, तोही इमामांनी मिटवला. आता थोडेच दिवस राहिले होते. इद्दत पुरी झाली की सांगणार होते. ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी मोकळी. तुला कळायच्या आत मी ती संपवत आणली होती, बेटी."

तेव्हा मला सुरम्याचं कळलं, ईदच्या जोड्याचं कळलं, मेंदीच्या ताटाचं कळलं. माझ्या नकळत मला इद्दतीत बसवलं होतं.

आणि मग वडिलांनी शिकवलेला मसला आठवला. न सांगता राहवलं नाही. मी म्हटलं, "अम्मा, तुमच्या माहेरी इद्दत मौतीच्या दिवसापासून मोजतात. आमच्या शिया, जाफरी मसल्यात तसं नाही. नवरा लांब गेला असेल तर बायकोला खबर पोचेल त्या दिवसापासून."

अम्मांनी एवढी वर्षं या घरात काढली, मातम शिकल्या, सगळे अलम ओळखायला शिकल्या. पण माझे सासरे घरातच, त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. हा फरक कधी निघालाच नाही, मग सांगणार कोण?

"फिर ये सब?" त्यांनी विचारलं. "मैं जो करवाई?"

"ते धरत नाहीत. आजपासून सुरू."

त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा राग गेला. एकाएकी नाही, पण गेला. कारण मला दुसरी बाजूही दिसली. साऱ्या दुनियेसाठी हे सप्टेंबरात गेले. माझ्यासाठी आजच्या सकाळपर्यंत होते. मी त्यांच्यासाठी कान लावून बसले, त्यांच्यावर रुसले, त्यांचे बूट ऐकले, आणि शरीयतही म्हणते की तोवर मी त्यांची बायकोच होते. हे चार महिने अम्मांनी मला दिले. स्वतः मात्र एक दिवसही घेतला नाही. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा गेला, ती त्याच घरात माझ्यासाठी पोळ्या लाटत होती.

मी म्हटलं, "अम्मा, माझी इद्दत मी बघून घेईन. तुम्ही अजून रडलाच नाहीत."

"रोई तो. अकबर के नाम से."

"आता त्यांच्या नावानं रडा. मला कळलंय. आता लपवायचं नाही."

त्यांनी तोंड उघडलं. नाव येईना. ओठ जुळत होते आणि सुटत होते. मी त्यांचा हात धरून बसले. मग जेवायला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

"मुर्तुझा."

आणि पुन्हा, मोठ्यानं. आणि मग थांबता येईना.

बाहेर हसणं बंद झालं. आज ईद-ए-जहरा, आजच्या दिवशी आमच्यात कुणी मातम करत नाही. पण अंगणातून पहिला हात छातीवर पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग सगळ्यांचे. त्यांच्या हातांत नुकत्याच भरलेल्या बांगड्या होत्या. त्या वाजत होत्या, एकेक फुटत होत्या, आणि कुणी थांबत नव्हतं.